शिकाऊ बाई आणि तिसरीचा वर्ग

शाळांना नुकत्याच सुट्ट्या लागल्या आहेत. मुले आंब्यांत गुंतली आहेत, मास्तरमंडळी पेपर तपासून हात झटकून मोकळी झाली आहेत, आणि अशा दिवसांत शाळेचे नावसुद्धा कोणी काढू नये असा शिष्टसंप्रदाय आहे. तो मोडून आम्ही आज शाळेविषयीच बोलणार आहोत. जून उजाडला म्हणजे पालक वह्या, दप्तरे आणि छत्र्या यांच्या खरेदीत बुडून जातात. आपल्या मुलापुढे फळ्याजवळ उभे राहणारे माणूस कसे तयार होते, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात येत नाही. तो निवांतपणे विचारावयाचा तर वैशाखातल्या संध्याकाळीच विचारला पाहिजे.

आमचे बहुतेक आयुष्य मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अध्यापक विद्यालयात गेले. म्हणजे आम्ही मुलांना शिकविले नाही. मुलांना शिकविणाऱ्यांना शिकविले. हा धंदा जरा विचित्रच आहे. पोहणे शिकविणारा निदान पाण्यात तरी उतरतो. आम्ही वर्गाच्या मागच्या बाजूस खुर्ची टाकून बसत होतो आणि तांबड्या शाईने शेरे लिहीत होतो.

गणपती उठले की प्राथमिक शाळेच्या फाटकातून काही अनोळखी तरुण मुले-मुली आत जाताना आपणही पाहिली असतील. अंगावर एकाच रंगाचा गणवेश, काखेत गुंडाळलेले तक्ते, हातात पुठ्ठ्याचे खोके, आणि चेहऱ्यावर भलत्याच लग्नघरी शिरलेल्या पाहुण्याचा भाव. ही मंडळी म्हणजे छात्राध्यापक. लोक त्यांना ‘शिकाऊ मास्तर’ म्हणतात, आणि ते काही खोटे नाही. एका पालकाने आम्हांला तोंडावर सांगितले होते, “सर, शिकाऊ ड्रायव्हरच्या गाडीला निदान तांबड्या अक्षराची पाटी तरी असते. माणूस बाजूला होतो. आमच्या पोरांनी बाजूला कुठं व्हायचं?”

या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर देण्यात अर्थ नाही. मूल तिसरीत एकदाच असते. त्या वर्षातले दोन-तीन महिने नवख्या हाती गेले तर ते भरून कोण देणार? आम्ही त्या गृहस्थांना त्या वेळी काहीतरी सांगून वाटेला लावले. खरे उत्तर आम्हांला पुढे एका विद्यार्थिनीने दिले, आणि ते सांगण्यासाठीच हा प्रपंच आहे.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. पूर्वी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उतरलेला मुलगा पुष्कळदा तसाच मास्तर होई, आणि पुढे सवडीने ट्रेनिंग कॉलेजात जाऊन ‘ट्रेंड’ होऊन येई. आता बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याला आधी डी. एड. म्हणत, हल्ली डी. एल. एड. म्हणतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे या दोन वर्षांत मिळून किमान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावयाचे असतात. पूर्वी हे दिवस थोडे होते आणि त्यांत भर असे तो ‘पाठां’वर. एक दिवस पाचवीला भूगोल, दुसऱ्या दिवशी दुसरीला कविता, असे सुटे पाठ घ्यावयाचे, निरीक्षकाने त्यांना गुण द्यावयाचे, आणि पाठांची संख्या भरली की माणूस शिक्षक झाला असे समजावयाचे.

या पाठाची एक ठरलेली चाल आहे. योहान फ्रीड्रिश हर्बार्ट (१७७६–१८४१) हा जर्मन तत्त्वज्ञ. नवे ज्ञान मनातल्या जुन्या ज्ञानाला जाऊन चिकटते, हे त्याने मांडले. त्याचे अनुयायी त्सिलर आणि राइन यांनी त्यावरून धडा शिकविण्याच्या पाच पायऱ्या पक्क्या केल्या. तीच आपल्याकडची सुप्रसिद्ध ‘पंचपदी’. वारकऱ्यांच्या भजनातही पंचपदी असते. पण तेथे टाळ चुकला तर कोणी गुण कापीत नाही. आमच्या पंचपदीत प्रस्तावना पाच मिनिटांत आटोपली नाही, हेतुकथन विसरले, फलकलेखन वाकडे गेले, की पाठवहीत शेरा पडलाच. मूळ हर्बार्टला मुलाच्या मनात आधी काय आहे याची काळजी होती. आमच्या हाती येईपर्यंत ती काळजी गळून पडली आणि पायऱ्या तेवढ्या उरल्या.

पुढे अमेरिकेतून सूक्ष्म अध्यापन आले. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास ड्वाइट ॲलन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते सुरू केले. पाचच मिनिटांचा पाठ, मोजकी मुले, आणि एका वेळी एकच कौशल्य: प्रश्न विचारणे, किंवा फळा वापरणे. कल्पना चांगली आहे. परंतु आपल्याकडे त्यात विद्यार्थी म्हणून वर्गमित्रच बसतात. एकोणीस वर्षांचे घोडे “मॅडम, मी सांगू?” म्हणून हात वर करतात आणि बिनचूक उत्तर देतात. चुकीचे उत्तर कोणीच देत नाही. सारी मेख इथेच आहे, कारण खऱ्या वर्गात शिक्षकाचे काम सुरू होते ते पहिले चुकीचे उत्तर आल्यावर.

आता त्या विद्यार्थिनीकडे वळू. ही २०१९ ची हकीकत. मुलगी शेतकऱ्याच्या घरची, अभ्यासात मध्यम, आवाज बारीक. तिला जी शाळा मिळाली ती गावाच्या कडेला होती. वर्ग तिसरीचा, चौतीस मुलांचा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे सांगितले आहे, तेव्हा हा वर्ग फार मोठा नव्हे. वर्गशिक्षिका अनुभवी होत्या. त्यांनी तिला पहिल्या दिवशी एवढेच सांगितले, “आठ दिवस काही शिकवू नकोस. मागं बस आणि बघ.”

हे आठ दिवस मुलांना, म्हणजे छात्राध्यापकांना, फार जड जातात. काय बघावयाचे हेच कळत नाही. या मुलीने रोजनिशीत पहिल्या दोन दिवशी फळ्यावरचे सगळे उतरून काढले. तिसऱ्या दिवसापासून तिच्या नोंदी बदलल्या. अमकी मुलगी पाढे म्हणताना नुसते ओठ हलवते. तमका मुलगा शेजाऱ्याच्या वहीतले उत्तर आधी पाहतो आणि मग बोटे मोजण्याचे नाटक करतो. खिडकीपाशी मागे बसणारा एक मुलगा आठवडाभर एक शब्दही बोललेला नाही, आणि त्याला कोणी विचारलेलेही नाही. हे सारे वर्गशिक्षिकेला ठाऊक होते; पण ते कोणत्याही पाठाच्या टाचणात येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिचा पहिला पाठ झाला. आम्ही हजर होतो. चाळीस मिनिटांचा पाठ तिने चोवीस मिनिटांत संपविला आणि उरलेली सोळा मिनिटे “समजलं का?” असे विचारण्यात घालविली. मुलांनी दर खेपेस “हो-ओ” असा एकमुखी होकार दिला. या होकाराइतकी फसवी गोष्ट प्राथमिक शाळेत दुसरी नाही. प्रार्थनेच्या शेवटी जसे सगळे हात जोडतात, तसा तो होकार असतो. त्याचा अर्थ मुलांना समजले असा नसून बाईंचे विचारणे संपले असा असतो.

पाठाच्या शेवटी आम्ही तिला एक गोष्ट सांगितली, ती येथेही सांगतो. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून एक साधी गोष्ट मोजली: शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबतो? उत्तर निघाले, सुमारे एक सेकंद. त्यानंतर तो प्रश्न दुसऱ्याला टाकतो किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. हाच अवकाश तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरे लांबतात, एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागतात, “माहीत नाही” कमी होते. त्यांचे हे लिखाण १९७४ साली प्रसिद्ध झाले. तीन सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे आपल्याला वाटेल. पण चौतीस जोडी डोळे आपल्याकडे लागलेले असताना तीन सेकंद गप्प उभे राहून पाहा. आमच्या विद्यार्थिनीने पुढे रोजनिशीत लिहिले की ती मनातल्या मनात घराच्या पायऱ्या मोजीत असे.

तिसऱ्या आठवड्यात हातच्याची वजाबाकी आली, आणि तिथे गाडे रुतले.

फळ्यावर ५२ वजा २७ मांडले होते. उत्तर २५. पाटीवर, वहीवर मुलांनी लिहिले ३५. एक-दोघांनी नव्हे, वर्गातल्या बऱ्याच मुलांनी. तिने पुन्हा समजावले, पुन्हा ३५. तिला वाटले, मुले लक्ष देत नाहीत. आम्हांलाही तसेच वाटले. मधल्या सुट्टीत ती एका मुलाजवळ बसली आणि तिने प्रथमच चूक दुरुस्त न करता नुसते विचारले, “हे कसं काढलंस रे?” आणि ती थांबली. पायऱ्या मोजीत थांबली.

मुलगा म्हणाला, “मॅडम, तुम्हीच म्हणलात ना, ल्हानातून मोठं जात नाही. मग मी मोठ्यातून ल्हान काढलं.”

श्रोतेहो, या उत्तरात यत्किंचितही आळस नाही. मुलाने सातातून दोन काढले, पाच उरले. पाचातून दोन काढले, तीन उरले. झाले पस्तीस. बाईंनी जो नियम सांगितला तो त्याने इमानाने पाळला आणि पुढची वाट स्वतः शोधली. ‘लहानातून मोठे जात नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत ऐकले आहे, आपल्या मुलांना घरी सांगितलेही असेल. ते अर्धवट आहे, आणि चूक त्या अर्धवटपणातून उगवते. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीच्या चुकांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते हेच, की पुष्कळशा चुका अंदाधुंद नसतात. मूल एक चुकीची रीत अगदी शिस्तीने वापरीत असते. ही पस्तीसची रीत त्यांतली फार आढळणारी. म्हणजे मराठवाड्यातल्या आमच्या मुलांत आणि अमेरिकेतल्या मुलांत या बाबतीत भेद नाही.

दुसऱ्या एका मुलीने तर आम्हांलाच निरुत्तर केले. ‘दशकाकडून एक उसना घ्यायचा’ असे बाई सांगत होत्या. ती म्हणाली, “मॅडम, उसना घेतला तो परत कधी द्यायचा?” वाटीभर साखर उसनी आणली तर परत द्यावी लागते, हे त्या घरात रोजचे आहे. गणितातला उसना मात्र कोणी परत करीत नाही. शब्दच वाकडा आहे, आणि तो पिढ्यानुपिढ्या चालला आहे.

हीच मुलगी भाजीवालीची. आठवड्याच्या बाजारी ती आईजवळ बसे. आमच्या विद्यार्थिनीने तिला विचारले, “पन्नासाची नोट दिली, सत्तावीसची भाजी घेतली, तर परत किती देशील?” “तेवीस,” डोळ्याचे पाते लवण्याआधी उत्तर आले. कसे? सत्तावीसवर तीन घातले की तीस. तीसवर वीस घातले की पन्नास. हेच ५० वजा २७ फळ्यावर मांडले तेव्हा तिने लिहिले ३७, कारण शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य काढले! एकाच डोक्यात दोन गणिते नांदत होती आणि त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. ब्राझीलमधल्या रेसीफ शहरात तेरेझिन्या कॅराहेर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांची अशीच परीक्षा घेतली होती, तिचा वृत्तांत १९८५ साली प्रसिद्ध झाला. मुले पाचच होती, तेव्हा आकड्यांवर फार भार टाकू नये; तरी सांगतो. विक्री करताना त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले, आणि तसलीच उदाहरणे कागदावर नुसत्या अंकांत दिली तेव्हा ३७ टक्के.

त्या वर्षी अंकांवरून आणखी एक गदारोळ चालू होता, तो आपल्याला आठवत असेल. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली. वर्तमानपत्रांत टीका झाली, विधिमंडळात विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे सांगितले, पण थट्टेच्या गलबल्यात ते फारसे कोणाला ऐकू गेले नाही. ‘वीस एक’ ऐकून आमच्याही कानाला खडा लागल्यासारखे झाले, हे आम्ही लपवीत नाही. परंतु तिसरीच्या वर्गात मागे बसलेल्या माणसाला त्यामागचे दुखणे नाकारता येत नाही. ‘सत्तावीस’ या शब्दात सात आधी ऐकू येतात, वीस मागून. म्हणून मूल आधी ७ लिहिते आणि पुढे २, आणि होतात बहात्तर. ‘एकोणतीस’ या शब्दात तर नऊ कुठेच नाहीत; तीसमध्ये एक उणा असा तो हिशेब आहे. बरे, हा नियम तरी शेवटपर्यंत चालावा! एकोणऐंशी, एकोणनव्वद म्हणत म्हणत मूल शंभरापाशी येते, तो तिथे ‘एकोणशंभर’ नसून ‘नव्व्याण्णव’ उभे असते. आपण हे सारे कधीच पाठ करून बसलो आहोत, म्हणून आपल्याला ते सोपे वाटते. नव्या पुस्तकाची रीत चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवू. तिची थट्टा करणाऱ्यांपैकी किती जण एखाद्या मुलाच्या पाटीजवळ बसले होते, एवढेच आम्हांला विचारावेसे वाटते.

असो. आमच्या विद्यार्थिनीने काडेपेटीच्या काड्या आणल्या. दहा-दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे केले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या, म्हणजे बावन्न. यांतून सत्तावीस मला दे, असे ती एकेका मुलाला सांगू लागली. मुले दोन गठ्ठे देत, आणि सात सुट्या काड्यांपाशी अडत. दोनच सुट्या आहेत, सात कुठून आणावयाच्या? कोणी म्हणे शेजाऱ्याकडून आणा, कोणी म्हणे राहू द्या. तेव्हा खिडकीपाशी बसणारा तो मुलगा, ज्याने तीन आठवड्यांत तोंड उघडले नव्हते, तो जागेवरूनच म्हणाला, “मोळी सोडावी लागंल.”

त्याचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. उसाच्या फडात तोडलेला ऊस मोळ्या बांधून रचतात, ते त्याने लहानपणापासून पाहिले होते, थोडेबहुत केलेही होते. दहा काड्यांचा गठ्ठा त्याला मोळीच दिसला. बाईंनी त्याला पुढे बोलावले. त्याने एका गठ्ठ्याचे रबर काढले, दहा काड्या सुट्या दोन काड्यांत मिसळल्या, बारांतून सात मोजून दिल्या, आणि दोन मोळ्या दिल्या. उरल्या दोन मोळ्या आणि पाच काड्या. वर्गात कोणाला काही समजावून सांगण्याची गरज राहिली नाही. त्या दिवसापासून त्या वर्गात ‘उसना घेणे’ बंद झाले आणि ‘मोळी सोडणे’ सुरू झाले. शेजारच्या चौथीच्या वर्गातली मुलेसुद्धा म्हणू लागली.

चार दिवसांनी आम्ही पाठाच्या निरीक्षणाला गेलो. वर्गात गलका होता. मुले जमिनीवर काड्या पसरून बसली होती, बाई फळ्याजवळ नव्हत्याच. प्रस्तावना झाली नाही, हेतुकथन झाले नाही, आणि बाई स्वतः ‘मोळी सोडा’ म्हणत होत्या. आम्ही पाठवहीत तांबड्या शाईने लिहिले: ‘वर्गनियंत्रण सैल. परिभाषा अशुद्ध, ‘दशक’ हा शब्द वापरावा.’ आणि पहिल्या दिवशीच्या त्या चोवीस मिनिटांच्या पाठापेक्षा दोन गुण कमी दिले.

तिने शेरा वाचला. रडली नाही, वादही घातला नाही. दुसऱ्या दिवशी विद्यालयात येऊन तिने मुलांच्या वह्यांचा गठ्ठा आमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “सर, तुम्ही वेळ मिळाला की नुसत्या बघा.” आम्ही रात्री बघितल्या. जवळजवळ सगळ्या वह्यांत वजाबाक्या बरोबर होत्या. पण आम्हांला गप्प केले ते त्यामुळे नव्हे. तिने प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिले होते: हा मुलगा आधी कसे करीत होता, कोणत्या दिवशी बदलला, कशाने बदलला. चौतीस वह्या, चौतीस टिपणे. इतकी वर्षे पाठ तपासताना आमची दृष्टी शिकविणाऱ्यावर खिळलेली होती. मूल काय करते आहे ते पाहावयाचे आमच्या तक्त्यात सदरच नव्हते.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे सापडले. एकेक सुटा पाठ घेणारा शिकाऊ मास्तर मुलांचा वेळ खातो, ही त्यांची तक्रार बरोबर आहे. चाळीस मिनिटांत तो स्वतःचा आवाज, स्वतःचा फळा आणि मागच्या खुर्चीवरचा निरीक्षक यांपलीकडे काही पाहू शकत नाही. आपल्या भीतीतून बाहेर यावयासच माणसाला तीन आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यापासून त्याला मुले दिसू लागतात. म्हणून शिकाऊ माणूस द्यावयाचाच असेल तर तो एका वर्गाला, अनेक आठवडे सलग, आणि शेजारी चांगल्या वर्गशिक्षिकेसह द्या. मग त्या मुलांना एकाऐवजी दोन शिक्षक मिळतात, आणि त्यांतल्या एकाला तरी प्रत्येक पाटीजवळ बसण्याइतकी सवड असते.

पण हा ‘शेजारी चांगल्या वर्गशिक्षिकेसह’ भाग फार वेळा पाळला जात नाही. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान होते. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढ्याच बाहेरच्या कामांना लावता येते. पण निवडणुका त्यात आहेतच. शिक्षक प्रशिक्षणाला, मग मतदानकेंद्रांवर गेले. आमची विद्यार्थिनी काही दिवस दोन-दोन वर्ग एकटी सांभाळीत होती. शिवाय खिचडीचे तांदूळ मोजून देणे, हजेऱ्या भरणे. त्या आठवड्याची तिची रोजनिशी कोरी आहे. गावातल्या लोकांनी खरोखर तक्रार करावयाची असेल तर ती याची करावी.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा खिडकीपाशी जागा रिकामी होती. फक्त तीच नव्हे, आणखी तीन. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, तसे हे कुटुंब गेले होते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण त्यासाठी घरात कोणीतरी मोठे मागे असावे लागते, आणि या मुलाला धाकटी बहीण होती, तिला फडावर सांभाळणार कोण? जाण्याआधी त्याची आई शाळेत येऊन वर्गशिक्षिकेला सांगून गेली होती, “मॅडम, नाव काटू नका. पाडव्याच्या टायमाला येतोच आम्ही.”

आमच्या विद्यार्थिनीचे आठवडे हिवाळ्यात संपले. निघताना तिने काड्यांच्या मोळ्या एका डब्यात घालून वर्गशिक्षिकेजवळ दिल्या. तो परत येईल तेव्हा गुणाकार होऊन वर्ग भागाकारावर आलेला असेल, आणि त्याला पुन्हा मोळ्यांपासून सुरुवात करावी लागेल, असा त्या दोघींचा हिशेब होता. ही मुलगी पुढे शिक्षिका झाली की नाही, असे आपण विचाराल. शिक्षकभरती २०१० नंतर पुष्कळ वर्षे थंडावली, आणि आमच्यासारखी कितीतरी अध्यापक विद्यालये मुले मिळेनात म्हणून बंद पडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर २०३० पासून शिक्षकाला चार वर्षांची एकात्मिक पदवी लागेल असे म्हटले आहे. ती आज एका खासगी शाळेत, तुटपुंज्या पगारावर, पहिलीला शिकविते. पाठवहीतला तो शेरा आम्ही खोडला, गुण वाढविले आणि नियमाप्रमाणे शेजारी सही केली. त्याने तिचा फायदा काही झाला नाही. निकालाची टक्केवारी थोडी वर सरकली, एवढेच.

त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता. २०२० सालचा. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. ऊसतोडीची कुटुंबे कारखान्यांच्या तळांवर अडकून पडली आणि एप्रिल निम्मा सरल्यावर त्यांना घरी परतण्याची परवानगी मिळाली. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या आणि तो मुलगा कागदोपत्री चौथीत गेला. चौथीचे वर्षभर त्याच्या वर्गाची शाळा भरलीच नाही. त्याने पुन्हा बाकावर बसून वही उघडली ती पाचवीत, २०२१ च्या अखेरीस.

वर्गशिक्षिकांनी त्याला एकदा मधल्या सुट्टीत बोलावून घेतले आणि कपाटातून तो डबा काढला. दोन उन्हाळ्यांत रबरे विरघळून काड्यांना चिकटली होती. ती नखांनी खरवडून काढावी लागली. काड्या मोजल्या, पुऱ्या भरल्या. मुलाने त्या परत दहा-दहा करून मांडल्या आणि बांधावयास रबर नाही म्हणून बाईंकडे सुतळी मागितली.